सूर्य सर्वांचा, पण सातबारा कोणाचा?

रात्री दोन वाजता शेतीची लाईट येते. थंडीचे दिवस असतात, गव्हाला पाणी द्यायचे असते. अशा वेळी हातात बॅटरी आणि खांद्यावर फावडे घेऊन शेतात कोण जातो? लहान शेतकरी असेल तर तो स्वतः जातो. पण वीस-पंचवीस एकरांचा मालक असेल तर तो घरी झोपलेला असतो आणि दारे धरायला त्याचा सालगडी जातो. साप चावतो तो त्याला, बिबट्या समोर येतो तो त्याच्या आणि उघड्या वायरीचा शॉक बसतो तोही त्यालाच. हा सालगडी कोणत्या वस्तीत राहतो हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात जाऊन विचारावे. उत्तर बहुतेक ठिकाणी एकच येईल.

म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो की, शेतीला सूर्याच्या उजेडावर वीज मिळावी आणि दिवसा पाणी देता यावे या गोष्टीला आमचा विरोध नाही. महाराष्ट्रात वर्षानुवर्षे शेतीपंपांना दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास अशी पाळीपाळीने वीज दिली गेली. रात्रीची ही पाळी बंद झाली तर सर्वात आधी सुटका होईल ती कष्टकऱ्याची. डिझेल इंजिनाचा धूर आणि खर्च वाचेल, डीपी जळाली म्हणून पंधरा-पंधरा दिवस वाट पाहणे थांबेल. या विजेचे स्वागतच केले पाहिजे. प्रश्न वेगळा आहे. ही वीज, हा पंप आणि या पंपाचे पाणी कोणाच्या शेतात जाणार आहे? आणि ज्या जमिनीवर सौर पत्रे उभे राहणार आहेत, ती जमीन आज कोण कसतो आहे?

आधी योजना समजून घेऊ. केंद्र सरकारने २०१९ मध्ये पीएम-कुसुम योजना सुरू केली. तिचे तीन भाग होते. पहिल्यात दोन मेगावॅटपर्यंतचे छोटे सौर प्रकल्प, दुसऱ्यात वीजजोडणी नसलेल्या शेतकऱ्याला स्वतंत्र सौरपंप आणि तिसऱ्यात वीजजोडणी असलेल्या पंपांचे सौर ऊर्जेवर रूपांतर. महाराष्ट्रात पुढे ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना आली. तिच्यात अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्तीचा, पाच एकरांपर्यंत पाच अश्वशक्तीचा आणि त्यावर साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या दहा टक्के रक्कम भरायची आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के.

पाच टक्के ही सवलत कागदावर चांगली आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. पण ‘मागेल त्याला’ या शब्दांवर जरा थांबा. मागण्यासाठी आधी काय लागते? सातबारा लागतो. त्या सातबाऱ्यावर विहीर किंवा बोअर यांची नोंद लागते. जमीन सामाईक असेल तर बाकीच्या हिस्सेदारांची ना हरकत लागते. म्हणजे ज्याच्याकडे जमीन आहे आणि पाणीही आहे, त्याने मागायचे आणि त्याला मिळायचे! ज्याच्याकडे यातले काहीच नाही त्याने काय मागावे?

आता आपल्या समाजाची स्थिती पाहा. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशात सरासरी वहितीचे क्षेत्र १.०८ हेक्टर होते, तर अनुसूचित जातींच्या शेतकऱ्यांचे ०.७८ हेक्टर. हे झाले ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांचे. २०११ च्या जनगणनेत शेतीवर राबणाऱ्या अनुसूचित जातींच्या माणसांपैकी दहांतले सात जण शेतमजूर होते. म्हणजे पाच टक्क्यांची सवलत दहांतल्या तिघांसाठी आहे आणि त्या तिघांतही विहीर असणारा एखादाच. महारवतनाची जी जमीन काही घराण्यांकडे राहिली, तिच्या एकेका सातबाऱ्यावर वीस-वीस, तीस-तीस नावे चढलेली असतात. त्यातले निम्मे पुण्या-मुंबईला. त्या सगळ्यांच्या सह्या गोळा करता करता अर्जाची मुदत संपून जाते. विहीर खोदायची तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आहे. पण नवीन विहिरीसाठी तिथेही किमान ०.४० हेक्टर, म्हणजे एक एकर जमीन नावावर हवी. एकूण काय, योजना कोणतीही असो, तिचे दार सातबाऱ्याच्या किल्लीनेच उघडते आणि नेमकी तीच किल्ली आपल्या हातात कधी दिली गेली नाही.

यापेक्षाही गंभीर गोष्ट गायरानाची आहे. तिच्याकडे आपल्या कार्यकर्त्यांनी तातडीने लक्ष दिले पाहिजे.

गावाजवळच्या वीज उपकेंद्रापाशी सौर प्रकल्प उभारायचा आणि त्या उपकेंद्राच्या शेती फीडरला दिवसा वीज द्यायची, ही मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची रचना आहे. ती २०१७ मध्ये आली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा, मोठा टप्पा जाहीर झाला. एका मेगावॅटला साधारण चार ते पाच एकर जागा लागते. ही जागा दोन मार्गांनी मिळवली जाते. खासगी जमीन असेल तर मालकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे, आणि त्या भाड्यात दरवर्षी तीन टक्के वाढ. सरकारी जमीन असेल तर ती नाममात्र भाड्याने प्रकल्पाला दिली जाते. गावातली सरकारी जमीन म्हणजे कोणती? बहुतेक गावांत ती गायरान असते नाहीतर सरकारी पड.

आणि मराठवाड्यातले गायरान कोण कसतो, हे या दैनिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. ६ डिसेंबर १९६४ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, रिपब्लिकन पक्षाने देशव्यापी सत्याग्रह सुरू केला. लाखो माणसे तुरुंगात गेली, त्यात लेकुरवाळ्या बायाही होत्या. पडीक सरकारी जमीन भूमिहीनांना द्या, ही त्यांची साधी मागणी होती. त्या लढ्याच्या बळावर मराठवाड्यातल्या आपल्या माणसांनी दगडधोंडे वेचून, काटेरी झुडपे तोडून गायराने वहितीखाली आणली. त्यासाठी मार खाल्ला. उभ्या पिकात जनावरे सोडली गेली, बहिष्कार पडले, गुन्हे दाखल झाले. पुढे १९९० नंतर अ‍ॅड. एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानाने हाच प्रश्न गावोगावी लढवला. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली अनुसूचित जाती-जमाती व इतर भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. १४ एप्रिल ही तारीख मुद्दाम निवडलेली होती, ते बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचे वर्ष होते. तारीख मिळाली. सातबारा मात्र असंख्य कुटुंबांना आजपर्यंत मिळालेला नाही. कागदोपत्री ती कुटुंबे ‘अतिक्रमणधारक’च राहिली.

आता हिशेब मांडा. उपकेंद्राजवळ दोन शेते आहेत असे समजा. एक गावच्या पाटलाचे मुरमाड रान, दोन एकर. दुसरे शेजारचे गायरान, तेही दोन एकर, ते एक बौद्ध कुटुंब चाळीस वर्षांपासून कसते आहे. दोन एकर म्हणजे ०.८ हेक्टर. प्रकल्पाला पाटलाचे रान गेले तर पाटलाला वर्षाला एक लाख रुपये, दरवर्षी वाढत जाणारे आणि पुढची पंचवीस वर्षे मिळणारे. गायरान गेले तर त्या बौद्ध कुटुंबाला काय मिळेल? अतिक्रमण काढून घेण्याची नोटीस. ऊन तेच, सौर पत्रे तेच आणि त्यातून तयार होणारी वीजही तीच. एकाच्या घरी लाख रुपये येतात आणि दुसऱ्याच्या घरची ज्वारी-तूर बंद होते. कारण एकाच्या हातात कागद आहे आणि दुसऱ्याच्या हाताला फक्त घट्टे आहेत.

यावर प्रशासनाचे उत्तर ठरलेले असते. गायरान ही सार्वजनिक जमीन आहे, सर्वोच्च न्यायालयाने अतिक्रमणे काढायला सांगितले आहे, आम्ही काय करणार? हे उत्तर अर्धवट आहे. २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला हे खरे. पण त्याच निकालात अपवादही सांगितले. सरकारी अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना जमीन पट्ट्याने दिली असेल, तर ती नियमित करता येईल असे न्यायालयाने म्हटले आहे. तो निकाल होता सत्तेच्या आणि पैशाच्या जोरावर गावची तळी-गायराने गिळणाऱ्यांविरुद्ध. तो दाखवून भूमिहीनाच्या दोन एकरांवर जेसीबी फिरवायचा आणि तीच जमीन ‘सार्वजनिक प्रयोजन’ म्हणून खासगी कंपनीच्या प्रकल्पाला द्यायची, हा कुठला न्याय? आणि गायरान खरोखरच गुरांसाठी राखायचे असेल, तर तारेच्या कुंपणाआड काचेच्या पत्र्यांखाली कोणाची गुरे चरणार आहेत? ज्या विधवेच्या चार शेळ्या तिथल्या गवतावर जगतात, तिला याचे उत्तर कोण देणार?

विजेचा विचार आपल्या चळवळीला नवा नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे आणि वीज ही खाती त्यांच्याकडे होती, हे आपलेच शिकलेले लोक विसरतात. १९४३ मध्ये वीजपुरवठ्याच्या धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी वीज खासगी मालकीची असावी की सरकारी, असा थेट प्रश्न मांडला. स्वस्त आणि मुबलक वीज असल्याशिवाय या देशाचे दारिद्र्य हटणार नाही, हे त्यांचे म्हणणे होते. केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ त्यांच्या काळात आले, दामोदर खोऱ्याच्या योजनेचा पाया त्यांच्या काळात घातला गेला. तारा, खांब आणि यंत्रे मोजून ते थांबले नाहीत. त्यांच्यासमोर विजेने कोणाची गरिबी हटणार हा प्रश्न होता.

त्याच बाबासाहेबांनी १९१८ मध्ये भारतातील लहान शेतीच्या प्रश्नावर निबंध लिहिला आणि शेतीवरचा माणसांचा भार कमी करायचा तर उद्योग वाढले पाहिजेत हे दाखवले. पुढे १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग व्हावा, जमीन राज्याच्या मालकीची असावी आणि गावकऱ्यांना जातिभेद न करता सामूहिकपणे कसायला द्यावी, अशी मांडणी केली. त्या सामूहिक शेतीला पाणी, बैल, अवजारे, खत, बियाणे राज्याने पुरवायचे होते. जमीनदार राहू नये, कूळ राहू नये आणि भूमिहीन मजूरही राहू नये, असा तो आराखडा होता. घटना समितीत तो मान्य झाला नाही. पण आज सरकार जेव्हा लाखो पंप वाटते, तेव्हा ‘अवजारे राज्याने पुरवावीत’ ही बाबासाहेबांची अर्धी सूचनाच ते अमलात आणते. जमिनीची आणि सामूहिकतेची उरलेली अर्धी सूचना मात्र फाइलीत पडून राहते.

कोणी म्हणेल, हे सारे ऐकायला ठीक आहे, पण जमीन नसलेल्याला सौरपंप देणार कसा? जगात तो दिला गेला आहे, आणि आपल्यापेक्षा गरीब देशांत.

पश्चिम आफ्रिकेत बेनिन नावाचा छोटा देश आहे. त्याच्या उत्तर भागात कलाले जिल्ह्यात २००७ मध्ये सौरपंपावर चालणारे ठिबक सिंचन बसवण्यात आले. ते एकेका शेतकऱ्याला न देता बायकांच्या गटांना दिले. अर्ध्या हेक्टरच्या एका मळ्यात ३० ते ३५ बायका. प्रत्येकीला १२० चौरस मीटरचा, म्हणजे जेमतेम सव्वा गुंठा भरेल न भरेल एवढा वाफा स्वतःचा आणि काही भाग सर्वांचा मिळून. आधी याच बायका घागरी वाहून भाजीला पाणी घालत होत्या. कोरड्या महिन्यांत तर गावात भाजी मिळणेच मुश्कील. या मळ्यांवर झालेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. घरातले भाजीचे खाणे वाढले आणि उरलेली भाजी विकून बायकांच्या हातात पैसा आला, असे त्यात दिसून आले. एका पंपावर तीस घरे! आपल्याकडे एका पंपावर एक सातबारा.

शेजारच्या बांगलादेशात इडकॉल या सरकारी वित्तसंस्थेने अनुदान आणि कर्ज देऊन गावोगावी मोठे सौरपंप उभे केले. पंप चालवणारा पाणी विकतो आणि आजूबाजूचे लहान शेतकरी हंगामाप्रमाणे पैसे देऊन पाणी घेतात. पंप घेण्याची ऐपत नसलेल्यालाही तिथे पाणी मिळू शकते. अर्थात पाण्याचा दर ठरवण्याचा अधिकार चालकाच्या हाती गेला की तो नवा सावकार होऊ शकतो. म्हणून चालक कोण हे महत्त्वाचे.

गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावी सहा शेतकऱ्यांनी सौरपंपधारकांची सहकारी मंडळी स्थापन केली. शेताला पाणी देऊन उरलेली वीज ते वीज कंपनीला २५ वर्षांच्या कराराने युनिटला ४.६३ रुपये दराने विकू लागले. यात आणखी एक शहाणपण आहे. सौरपंपाला विजेचे बिल नसते, त्यामुळे गरज नसताना दिवसभर मोटार चालू ठेवून जमिनीतले पाणी उपसण्याचा मोह होतो. उरलेली वीज विकून पैसे मिळू लागले की मोटार बंद ठेवण्यातही फायदा दिसतो. आपल्या दुष्काळी भागात हा विचार फार गरजेचा आहे. कारण मोठ्या शेतकऱ्याच्या साडेसात अश्वशक्तीच्या पंपाने पाणी ओढले की आधी कोरडी पडते ती दलित वस्तीची उथळ विहीर आणि हातपंप. महाडला १९२७ साली चवदार तळ्यावर आपण पाणी प्यायलो ते हक्कासाठी. जमिनीखालच्या तळ्यावरही तोच हक्क आहे, पण तिथे पहारा दिसत नाही म्हणून लढा सुचत नाही, एवढेच.

या सगळ्यातून आपल्या मागण्या अगदी सरळ निघतात.

पहिली मागणी अशी की, ज्या गायरानावर किंवा सरकारी पडीवर भूमिहीनांची जुनी वहिवाट आहे, तिथला दावा निकाली काढल्याशिवाय ती जमीन कोणत्याही सौर प्रकल्पाला देऊ नये. जिथे जमीन द्यावीच लागेल तिथे खासगी मालकाला मिळणारे हेक्टरी सव्वा लाखाचे भाडे त्याच दराने, त्याच वाढीसह कसणाऱ्या कुटुंबाला मिळाले पाहिजे. सरकारला ते जड जाणार नाही. पाटलाला देताना जड जात नाही, तर मजुराला देताना का जावे?

दुसरी, भूमिहीन बायकांच्या बचत गटांना सामूहिक सौरपंप आणि भाजीपाल्यापुरती जमीन भाडेपट्ट्याने द्यावी. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबलीकरण व स्वाभिमान योजनेत २००४-०५ पासून भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची तरतूद आहे. जिरायत चार एकर देऊन पाण्याविना सोडून देण्यापेक्षा जमीन आणि सौरपंप एकाच मंजुरीत द्या. दोन खाती एका टेबलावर बसली तरी हे काम होईल.

तिसरी, गावाच्या उशाला उभ्या राहणाऱ्या प्रकल्पात पत्रे धुण्याची आणि राखणीची मजुरी तेवढी आपल्या पोरांना ठेवू नये. आयटीआय झालेल्या मुलांना तंत्रज्ञाची कामे आणि दुरुस्तीची केंद्रे मिळाली पाहिजेत. पंप बंद पडला की कंपनीचा माणूस महिना-महिना फिरकत नाही, ही शेतकऱ्यांची तक्रार असते. गावचाच मुलगा दुरुस्तीला असेल तर दोघांचेही भले होईल.

चौथी, किती पंप बसले हा आकडा सरकार मोठ्या अभिमानाने सांगते. तोच आकडा सामाजिक प्रवर्गानुसार, तालुकावार जाहीर करावा. अनुसूचित जातींच्या नावाने राखलेल्या पैशातून किती पंप कोणाच्या विहिरीवर गेले, ते समाजाला कळू द्या.

पण मागणी केली म्हणजे काम झाले, असे आपल्या बाबतीत कधी घडलेले नाही. कार्यकर्त्यांनी आजच काही गोष्टी कराव्यात. गायरान कसणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने जुने कागद एका पिशवीत गोळा करावेत. तलाठ्याने फाडलेल्या दंडाच्या पावत्या, पंचनामे, त्या जमिनीवरून झालेल्या पोलीस केसेस, ग्रामपंचायतीचे दाखले, जे असेल ते. ज्या गुन्ह्याने तेव्हा आपल्याला कोर्टात उभे केले, तोच गुन्हा आज आपण १९९० पूर्वीपासून तिथे होतो याचा पुरावा आहे. तलाठ्याकडे गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही असते. तिची नक्कल माहितीच्या अधिकारात मागावी. ग्रामसभेची नोटीस निघाली की सौर प्रकल्पाला जमीन देण्याचा विषय पत्रिकेवर आहे का ते पाहावे आणि आपल्या बायाबापड्यांसह सभेला हजर राहून हरकत लेखी नोंदवावी. सभा झाल्यावर चावडीवर बोलून काही उपयोग नसतो, इतिवृत्तात काय लिहिले गेले तेच पुढे कोर्टात चालते.

आम्हाला सूर्याची वीज हवी आहे. रात्रीच्या अंधारात दारे धरणाऱ्या बापाला दिवसाच्या उजेडात पाणी देताना पाहायचे आहे. मात्र तो पाणी देत असेल ते दुसऱ्याच्या शेताला आणि त्याचे स्वतःचे दोन एकर कुंपणाआड गेलेले असतील, तर त्या उजेडाचा त्याला काय उपयोग? बाबासाहेबांनी विजेबद्दल विचारलेला मालकीचा प्रश्न ऐंशी वर्षांनंतर आज गायरानाच्या बांधावर येऊन उभा आहे. तो विचारायला आपण ग्रामसभेत पोचलो नाही, तर उत्तर आपल्याशिवायच लिहिले जाईल.

जयभीम!